जुसूच्या अंगणातला सातवा ठोका

१

बाराला पाच मिनिटं असली की मी पंखा बंद करते, स्टुडिओची खिडकी उघडते आणि माइकची मान बाहेर वळवते. स्टुडिओ कसला, टेकडीवरच्या जुन्या कोको-गोदामाचा वरचा मजला. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले. पण खिडकीतून अख्खं नियावाहुन गाव खाली पसरलेलं दिसतं, आणि साथ आल्यापासून गावात आवाजच उरलेले नाहीत. बाजार बंद, शाळा बंद, मोटारसायकली बंद. कोणाच्या अंगणात मुसळ पडलं तर ते टेकडीवर ऐकू येतं.

माझा कार्यक्रम त्यावरच चालतो. ज्या घरात इबोलाचा रुग्ण सापडतो त्या घराभोवती सरकार लाल दोरी बांधतं. आतल्यांनी एकवीस दिवस बाहेर यायचं नाही. तेवढ्यात कोणाला ताप आला नाही तर दोरी काढतात. अशी अकरा घरं होती. मी रोज बाराला रेडिओवरून एकेका घरातल्या माणसांची नावं घ्यायची, आणि शेवटचं नाव संपलं की त्या घराने उत्तर द्यायचं: अंगणातल्या रिकाम्या उखळात, जिवंत माणसामागे एक ठोका. घरातल्या कोणाला नदीपलीकडच्या उपचार केंद्रात नेलं असेल आणि ते माणूस जिवंत असेल, तर त्याचंही नाव यादीत असायचं. त्याचा ठोका घरच्यांनी द्यायचा.

ही कल्पना माझीच. मशिदीमागच्या खालच्या गल्लीत एक घर होतं. दोरी बांधून नऊ दिवस झाले होते. सरकारी तपासनीस रोज जाऊन प्रत्येकाचा ताप मोजतो, असं कागद म्हणत होता. छत्तीस पूर्णांक पाच. छत्तीस पूर्णांक सहा. दहाव्या दिवशी शेजाऱ्यांना वास आला. आत पाच माणसं होती आणि पाचही केव्हाच गेलेली होती. तपासनीस आंब्याखाली बसून आकडे भरत होता. मी त्या पाचजणांची नावं मागितली. साथीचं सरकारी कार्यालय म्हणालं, चौकशी चालू आहे. सगळे परगावाहून कोकोच्या कामाला आलेले, त्यामुळे शेजाऱ्यांनाही धड नावं ठाऊक नव्हती. दाराला फळ्या ठोकल्या गेल्या आणि गावाने ती गल्ली सोडली.

तेव्हा मी ठरवलं की कोण जिवंत आहे हे यापुढे कागद सांगणार नाही, माणसं सांगतील. माझं नाव बेंदू स्वारे. एकतीस वर्षं वार्ताहर आहे, सगळं युद्ध मी याच गावातून कळवलं, आणि दोन संपादकांशी भांडून दोन नोकऱ्या सोडल्या आहेत. पहिल्या दिवशी मी रेडिओवर मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "कागद खोटं बोलतो. उखळाला खोटं बोलता येत नाही."

वरच्या गल्लीतलं जुसू शिंप्याचं घर यादीत तिसरं होतं. सोळा दिवस मी तिथली सात नावं घेतली आणि सोळा दिवस सात ठोके आले. सतराव्या दिवशी कार्यालयाने पाठवलेल्या यादीत सहाच नावं होती. मी यादी पाठ करत नाही, समोर येते ती वाचते. सहा नावं घेतली आणि थांबले.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

पुढच्या घराचं नाव घ्यायला मी तोंड उघडलं आणि सातवा ठोका पडला. जरा उशिरा, जरा हळू. आणि त्याच्यामागून मुसळ उखळाच्या काठाला घासत गेल्याचा आवाज आला. सर्र.

२

कार्यक्रम संपल्यावर मी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गाळलेलं नाव न्यांडेचं होतं. जुसूची बायको. तीस वर्षं गावातली बाळंतपणं करणारी सुईण. एका बाळंतिणीकडूनच तिला ताप लागला होता, आणि ज्या दिवशी जुसूच्या घराला दोरी बांधली त्याच दिवशी पांढऱ्या गाडीने तिला नदीपलीकडे नेलं होतं.

नाव गळलं याचा अर्थ एकच. न्यांडे गेली.

मी स्वतःला समजावलं: घरच्यांना अजून कळलं नसेल. सोळा दिवसांची सवय, हात आपोआप सातव्यांदा उठला असेल. उद्या थांबेल.

दुसऱ्या दिवशी मी सहा नावं घेतली. सात ठोके पडले. सातव्यानंतर सर्र.

कार्यक्रम संपायच्या आत फोन सुरू झाले. पहिला बाजारात लाल तेल विकणाऱ्या माटूचा.

"बेंदू, अगं, तुझं उखळ काय म्हणालं ऐकलंस ना? न्यांडे केंद्रातून पळून आलीय. जुसूने लपवलीय तिला."

"तू पाहिलीस?"

"पाहायला जाऊ? मला काय मरायची हौस आलीय?"

"मग न पाहता बोलतेस कशी?"

"तू तरी रोज न पाहताच वाचतेस की!"

माटूच्या मागे कोणीतरी ओरडत होतं की रॉकेल आणा. पुढचा फोन, पुढचा फोन. कोणी म्हणे, जुसूचा भाऊ सीमेपलीकडून ताप घेऊन आलाय. कोणी म्हणे, घरं निर्जंतुक करायच्या फवारणीच्या पाण्यातच विष आहे, मग सात काय नि सहा काय. एकाने तर मला विचारलं, "त्या घरासाठी रेडिओवाले किती घेतात?" मी त्याला जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

भीतीबद्दल माझी तक्रार नाही. हा आजार घाबरावं असाच आहे. पण भीतीने कधीच बरोबर दार ठोठावलेलं मी पाहिलं नाही. मेलेल्या आजीला आंघोळ घालायला हेच लोक चोरून जमतात, जिथे खरा धोका असतो, आणि ताप नसलेल्या घरावर रॉकेल घेऊन जातात.

३

दुपारी डेकरसाहेब आले. विल्मट डेकर, राजधानीतून साथीवर नेमलेले अधिकारी. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. दारातच हात धुवायच्या बादलीपाशी त्यांनी इतका वेळ लावला की पाणी संपलं.

"मॅडम, तुमच्याच कार्यक्रमाने त्यांना पकडून दिलं," ते म्हणाले. "दोरीच्या आत सातवं माणूस आहे. नियम सरळ आहे. सगळं घर शाळेत."

शाळेत म्हणजे संशयितांच्या खोलीत. तिसरी आणि चौथीचा वर्ग मिळून केलेली एकच खोली, एकच बादली, ताप असलेले आणि नसलेले शेजारी शेजारी. तपासणीचा निकाल यायला पाच दिवस लागतात. तिथे धडधाकट गेलेली अकरा माणसं मी मोजली आहेत. त्यातली आठ परत आली नाहीत.

"साहेब, परवा त्यांचा विसावा दिवस. एका दिवसावर सुटका आहे. तीन लहान मुलं आहेत त्या घरात."

"म्हणूनच परवा बाराला मी इथे बसून स्वतःच्या कानाने ऐकणार आहे. गाडी त्यांच्या घराखाली उभी असेल. सात ठोके पडले तर मी फोन करेन."

"न्यांडे कधी गेली?"

त्यांनी कागद उलटले. "केंद्रात नेल्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे सोळा दिवसांपैकी पंधरा..."

"कागद यायला उशीर होतो."

"घरी कोणी सांगितलं?"

"ते आमच्या विभागाचं काम नाही."

मी त्यांना जिना दाखवला.

वार्ताहराने स्वतःची चूक पहिल्याच परिच्छेदात लिहावी असं मी नव्या लोकांना शिकवत आले. माझी मी इथे लिहिते आहे, उशिराच. आम्हा मेंडे लोकांत गेलेल्या माणसाला नदी ओलांडून द्यावी लागते. घरचे ठरलेल्या दिवशी काठावर भात, कोंबडी, लाल तेल ठेवतात, नाव मोठ्याने घेतात आणि निरोप देतात. तोवर त्या माणसाचं नाव कोणी पुकारत नाही. पुकारलं तर त्याला वाटतं, आपल्याला घरी बोलावताहेत. मी कॉलेजात शिकलेली बाई. असल्या गोष्टींवर मी दोन टिंगलीचे लेख लिहिले आहेत.

आणि पंधरा दिवस, भर दुपारी, साठ मैलांपर्यंत ऐकू जाणाऱ्या रेडिओवरून, मी एका मेलेल्या बाईला नावाने विचारत होते: न्यांडे, आहेस का घरात? ठोका दे.

४

बाराला मी नेहमी माइकपुढे असते. त्यामुळे त्या वेळी जुसूच्या अंगणात काय होतं ते मी कधीच पाहिलेलं नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी मी यादी सकाळीच टेपवर वाचून ठेवली, यंत्र लावायला तंत्रज्ञाला सांगितलं आणि छोटा रेडिओ घेऊन वरच्या गल्लीत गेले. वाटेत तोच तपासनीस, फोडे मास्तर, नेहमीच्या आंब्याखाली दिसला. त्याची बखोट धरायची सोय नव्हती, हल्ली कोणी कोणाला शिवत नाही, म्हणून मी नुसती ओरडले.

"मास्तर, उठा. आज दोरीपर्यंत यायचं. नाहीतर उद्या तुमचंच नाव वाचते."

तो आला. पिस्तुलासारखा तापमापक हात लांब करून एकेकाच्या कपाळासमोर धरला. जुसू, त्याची बहीण याटा, म्हातारा बाप मोइग्बा, जुळी साओ आणि जीना, आणि जुळ्यांच्या पाठची चार वर्षांची बेसे. सहाही जणांना ताप नव्हता. मी आकडे स्वतः पाहिले. मग मास्तरला म्हटलं, दाराखिडक्यांतून आत बघ. दोनच खोल्या. एक पलंग, एक शिवणयंत्र, चटया. दारं सगळी उघडी, आरपार मागचं केळीचं झाड दिसत होतं.

"कोणी नाही, मॅडम," तो म्हणाला आणि घाईने मागे गेला.

जुसू दोरीच्या पलीकडे सहा पावलांवर उभा होता. त्याचे गाल आत गेले होते.

"बेंदूताई, तुम्ही तिचं नाव घेत होतात तोवर आम्हाला वाटत होतं ती जगतेय. गेलेल्याचं नाव कोण घेईल असं? रोज बाराला मी पोरांना सांगायचो, ऐका, आई बरी होतेय. तिचा ठोका मीच द्यायचो."

"आणि परवा?"

"परवा नाव आलं नाही. तशी कळली ती गेल्याची बातमी आम्हाला."

एकतीस वर्षांत मी हजारो बातम्या दिल्या. एका माणसाला त्याच्या बायकोच्या मरणाची बातमी मी गप्प राहून दिली होती.

"मग सातवा ठोका अजून का देतोस, जुसू? उद्या साहेब ऐकायला बसणार आहे. गाडी येणार आहे."

"मी देत नाही, ताई. परवापासून आम्ही सहाच देतो."

"मी ऐकलाय."

"आम्हीपण ऐकतो," याटा ओट्यावरून म्हणाली. तिचा आवाज चिडका होता, रडका नव्हता. "तो हात कोणाचा हे तुला कळलं नाही होय? बारा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलीस आमच्या."

कळलं होतं. पहिल्याच दिवशी. बायका एकमेकींचं कांडणं ओळखतात, जसा चालण्याचा आवाज ओळखावा. न्यांडेचा डावा खांदा युद्धात मोडला होता. मुसळ वर घेताना ते तिच्या हातात तिरकं व्हायचं आणि काठाला घासायचं. बारा वर्षं मी त्या आवाजाने उठत होते.

म्हातारा मोइग्बा काठी टेकत पुढे आला. "पोरी, तिला गाडीने नेलं ते पुलावरून. नदी अशी ओलांडत नाहीत. तिला कोणी पोचवलंच नाही. आणि वरून तू हाका मारल्यास."

माझ्या हातातल्या रेडिओत माझाच आवाज सुरू झाला. पहिलं घर. दुसरं घर. मग जुसूचं. सहाही जण ओळीने उखळाकडे गेले. प्रत्येकाने मुसळ उचललं, एकदा सोडलं, आणि जो तो ओट्यावर जाऊन बसला. बेसेला जुसूने धरून उचललं. सहावा ठोका तिचा. मग जुसूने मुसळ जमिनीवर आडवं ठेवलं, उखळापासून चांगलं दोन हात लांब, आणि तोही जाऊन बसला. ओट्यावर सहा डोकी. मी मोजली. अंगणात कोणी नाही. लख्ख ऊन. उखळाची सावली बुडाशी गोळा झालेली.

कोंबड्या केळीमागे पळाल्या.

मी तिकडे पाहिलं, फक्त तिकडे, कोंबड्यांकडे, डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. ठोका पडला. पायाखालच्या जमिनीतून तो माझ्या टाचांत आला. सर्र. मी मान वळवली तेव्हा मुसळ उखळात उभं होतं. उखळातून कोंड्याची बारीक धूळ वर येत होती, रिकाम्या उखळातून. आणि बेसे ओट्यावरून मान वर करून उखळाच्या जरा वर बघत होती, आई कामात असली की मुलं तिच्या तोंडाकडे बघतात तशी.

मुसळ हळूच काठावर कललं.

उन्हाने डोळे दिपले असतील. जुसूने मुसळ ठेवलं कुठे हे मी नीट पाहिलं नसेल. खाली उतरताना मी अशा पाच-सहा सबबी मनात तयार केल्या. वार्ताहर म्हणून त्यांतली एकही मी छापली नसती.

५

विसाव्या दिवशी डेकरसाहेब पावणेबारालाच आले. खिडकीपाशी खुर्ची ओढून, मांडीवर कागद, हातात फोन. खाली वरच्या गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती. तिच्यापासून बऱ्याच अंतरावर लोक जमले होते. त्यांच्यात रॉकेलचे डबे होते की नाही ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.

मला तीन गोष्टी करता आल्या असत्या. जुसूचं घर गाळायचं. यंत्र बिघडल्याचं सांगायचं. नाहीतर साहेबाला वचन मागायचं आणि रडायचं. त्यातलं एकही न करता मी सकाळभर नदीपलीकडच्या केंद्रात फोन करत होते. अकराव्या फोनला कबरी खणणारा माणूस मिळाला. त्याच्या वहीत सगळं होतं. सरकारपेक्षा त्याचं अक्षर चांगलं असणार.

बारा वाजले. पहिलं घर, चार नावं, चार ठोके. दुसरं घर, नऊ नावं, नऊ ठोके. डेकरसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"जुसू शिंप्याचं घर," मी म्हणाले. "जुसू. याटा. मोइग्बा. साओ. जीना. बेसे. हे सहा जिवंत आहेत, ताप कोणालाच नाही, काल मी स्वतः आकडे पाहिले आहेत. आणि न्यांडे. ती अठरा दिवसांपूर्वी, केंद्रात नेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वारली. कबर क्रमांक एकोणसाठ, पूर्वेकडून चौथी रांग. तिच्या घरी कोणी कळवलं नाही. सरकारी यादीत ती पंधरा दिवस जिवंत होती आणि मी तिला रोज हाक मारत होते. न्यांडे, ही चूक माझी आणि या माझ्यासमोर बसलेल्या साहेबांच्या कार्यालयाची. तुझ्या घरच्यांची नाही."

"मॅडम!" डेकरसाहेब उठले.

मी बोट ओठांवर ठेवलं आणि खिडकीकडे दाखवलं.

एक. दोन. तीन. चार. पाच. बेसेचा, हलका. सहा.

साहेब उभेच राहिले. खाली कोणी हललं नाही. मला माझ्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

सात. सर्र.

साहेबांच्या मानेवर काटा आलेला मला दिसला. पण माणूस नियमाचा पक्का. त्यांनी फोन कानाला लावला. "सात," ते म्हणाले. "हो, सात. भरा सगळ्यांना."

मी माइक स्वतःकडे वळवला. "ऐकलंत? हा हात कोणाचा हे न ओळखणारी एक जरी बाई या गावात असेल तरी तिने मला सांगावं. दोरी खरी आहे. ताप खरा आहे. कोणाला शिवू नका, मेलेल्याला धुऊ नका, हे मी महिनाभर ओरडतेय आणि उद्याही ओरडेन. पण त्या घरात लपलेलं कोणी नाही. तुमच्यातल्या अर्ध्यांना ज्या हातांनी बाहेर ओढलं ते हात आहेत ते. आणि गाडी तिच्या पोरांना शाळेतल्या त्या खोलीत न्यायला आलीय."

गाडीचं दार वाजलं. पांढऱ्या कपड्यांतले दोघं उतरले.

बाजाराच्या बाजूने एक ठोका आला. तिथे दोरीचं घर नव्हतं. पुन्हा एक ठोका. मग माझा फोन वाजला, माटूचा, धापा टाकत.

"बेंदू, अगं, तो तिचाच हात! माझी तिन्ही तिनेच काढलीत. सांग त्या साहेबाला, मोज म्हणावं आता!"

मशिदीच्या अंगाने दुसरं उखळ. ओढ्याकडून तिसरं. मग मला मोजता येईना. दोरी असलेली घरं, नसलेली घरं, टेकडीच्या दोन्ही उतारांवरून, लाकडावर लाकूड. महिनाभर एकमेकांच्या सावलीला भिणाऱ्या बायका आपापल्या अंगणात, आपापल्या अंतरावर, मुसळं उचलून आपटत होत्या. खिडकीची काच थरथरत होती.

"बंद करायला सांगा हे!" डेकरसाहेब ओरडले.

"मोजा ना, साहेब. मोजायलाच आलात."

खालून ड्रायव्हरचा फोन आला असावा. साहेब नुसतं "काय? काय?" करत होते. ड्रायव्हर याच गावचा, त्याची आईही कांडत असणार. पांढऱ्या कपड्यांतले दोघे गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ उभे राहिले. मग गाडीत बसले. गाडी वळली.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं. जाताना म्हणाले, "अहवालात मी काय लिहू?"

"सहा जिवंत," मी म्हणाले. "सातवी तुमच्या कार्यालयाच्या नावावर."

६

एकविसाव्या दिवशी सकाळी दोरी कापली. मास्तरनेच कापली. सहाही बाहेर आले. कोणी मिठी मारली नाही, गावाने लांबूनच टाळ्या वाजवल्या. मोइग्बाने भाताचं भांडं घेतलं, याटाने कोंबडी, जुसूने तेलाची बाटली, आणि ते मोआ नदीकडे निघाले. अंग नाही, माती नाही, नुसतं नाव घेऊन पोचवायचं. बेसे खांद्यावर बसून मागे वळून घराकडे हात हलवत होती.

माझ्या टेबलावर कार्यालयाचं पत्र होतं. मृतांची नावं परवानगीशिवाय प्रसारित करू नयेत. उखळाचा कार्यक्रम ताबडतोब थांबवावा. खाली डेकरसाहेबांची सही, यावेळी जरा वाकडी. मी पत्र पंख्याखाली ठेवलं, पंखा बंद केला, खिडकी उघडली.

दहा घरं. दहाही बरोबर आली. मग मी जुसूच्या रिकाम्या अंगणाकडे बघत थांबले. एक मिनिट. दोन मिनिटं. उखळ तिथेच होतं, मुसळ आडवं. नदीवर आता तिचं नाव घेतलं जात असेल. काही वाजलं नाही. मी माइक आत ओढायला हात पुढे केला.

तेव्हा ठोका पडला.

वरच्या गल्लीतून नाही. खालून. मशिदीमागून. जिथून गाव जात नाही, जिथल्या दाराला फळ्या आहेत.

एक. मग बराच वेळ काही नाही. दोन. तीन, अगदी खालून, जमिनीलगत, लहान मुलाने दोन्ही हातांनी मुसळ धरावं तसा. चार. पाच.

त्या घरातलं उखळ मी स्वतः पाहिलं होतं. फवारणीवाल्यांनी ते महिन्यापूर्वीच जाळलं होतं.

मग शांतता. आवाज संपल्याची नव्हे. माझी बोलण्याची पाळी आली की पलीकडचे गप्प होतात, तशी.

मी त्यांना कधी हाक मारली नव्हती. मारणार कशी? त्यांची नावं माझ्याकडे नव्हती. खिडकी लावून घेता आली असती. तंत्रज्ञ दारापर्यंत पळून उभा होता आणि मला तेच खुणावत होता.

मी खिडकी भिंतीला टेकेपर्यंत उघडली.

"मशिदीमागचं घर," मी माइकमध्ये म्हणाले. "पाच. ऐकलं मी. तुमची नावं ज्यांच्या कपाटात आहेत ते आत्ता हा रेडिओ ऐकताहेत. साहेब, मी वाट बघतेय. तेही बघताहेत. नावं द्या."

आणि मी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि कोऱ्या कागदावर एकाखाली एक पाच रेघा ओढल्या.